क्रिस्टल पॅलेसचा कोरडा तलाव: ग्रेड २* म्हणजे नेमकं काय जपायचं?

ओळंबा (धागाकर्ता)

वारसा इमारतींच्या धाग्यांवर एक वाक्य हमखास येतं: ‘एकदा यादीत नाव लागलं की सुटलो.’ ते वाक्य किती कच्चं आहे हे बघायला लंडनचं नॅशनल स्पोर्ट्स सेंटर घेऊ.

दक्षिण लंडनमध्ये सिडनहॅमच्या टेकडीवर क्रिस्टल पॅलेस पार्क आहे. जोसेफ पॅक्स्टनचा काचमहाल १८५१ साली हाइड पार्कात उभा राहिला. तो उतरवून, वाढवून १८५४ मध्ये इथे आणला आणि ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री तो जळाला. खालच्या उतारावर पॅक्स्टनची कारंज्यांची मोठी कुंडं होती. ती बुजवल्यावर त्यातल्या एकावर मैदान झालं आणि १८९५ ते १९१४ फुटबॉलच्या एफए कपचे अंतिम सामने तिथे खेळले गेले. युद्धानंतर, १९५३ मध्ये, जेराल्ड बॅरी यांनी या जागी राष्ट्रीय क्रीडाकेंद्र करावं असं सुचवलं. लंडन काउंटी कौन्सिलच्या वास्तुविभागाने ते काम केलं. लेस्ली मार्टिन प्रमुख असताना सुरू झालं, ह्यूबर्ट बेनेट यांच्या काळात संपलं, प्रत्यक्ष टेबलावर नॉर्मन एंगलबॅक. उद्घाटन जुलै १९६४.

आत शिरलं की मधोमध लांब मार्ग. एका अंगाला पाणी: आठ लेनचा ५० मीटर तलाव, डायव्हिंगचा वेगळा तलाव आणि त्यावर १० मीटरचा काँक्रीटचा मनोरा. दुसऱ्या अंगाला कोरडा, म्हणजे बिनपाण्याच्या खेळांचा हॉल. तिरके उघडे काँक्रीटचे खांब, वर पंख्यासारखं घड्या घातलेलं छत, त्याला आतून लाकडी अस्तर, आणि बाजूंना काचेच्या भिंती.

१९९७ मध्ये इंग्लंडच्या वारसा यादीत ग्रेड २* (तीनपैकी मधला दर्जा) मिळाला. पण २०२० च्या टाळेबंदीत सगळं बंद झालं आणि पुढे केंद्र उघडलं तेव्हा डायव्हिंगचा तलाव उघडला नाही. म्हणजे नाव यादीत आणि तलाव कोरडा. कायदा, काँक्रीट, पाणी ज्याला जे माहीत आहे त्याने ते लिहावं. हळहळ नको, माहिती हवी.

कलमदान

कायद्याचं मी लिहितो. इंग्लंडच्या यादीत साधारण चार लाख नोंदी आहेत. ग्रेड १ सुमारे अडीच टक्के, ग्रेड २* सहा टक्क्यांच्या आत, बाकी सगळं ग्रेड २. म्हणजे ही इमारत वरच्या साडेआठ टक्क्यांत बसते. युद्धोत्तर क्रीडाकेंद्रासाठी हे फारच वरचं स्थान आहे.

१९९७ हे सालही लक्षात ठेवा. तिथे सर्वसाधारण रीत अशी की इमारत ३० वर्षांची झाली की यादीसाठी विचार होतो. त्याहून तरुण असेल तर ती असामान्य असावी लागते आणि बहुधा तिच्यावर संकट असावं लागतं. हे केंद्र ३३ व्या वर्षी आत गेलं, म्हणजे अगदी रीतीच्या दारातून.

मूळ कायदा १९९० चा. यादीत नाव लागलं म्हणजे आतबाहेर सगळी इमारत आली. ‘फक्त दर्शनी भाग संरक्षित आहे’ ही समजूत आपल्याकडून तिकडे नेऊ नका. मनोऱ्याचा कठडा, जिना, लाकडी अस्तर, सगळं त्यात. इमारतीच्या विशेष स्वरूपावर परिणाम होईल असा कोणताही बदल करायचा तर आधी ‘लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट’ लागतो. त्याला अर्जाचं शुल्क नाही. निर्णयाची मुदत आठ आठवडे, पण २* असल्यामुळे हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेला कळवावं लागतं आणि आठ आठवड्यांत क्वचितच भागतं. परवानगीशिवाय काम केलं तर तो फौजदारी गुन्हा: दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाला वरची मर्यादा नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव चालत नाही.

आता यातली फट बघा. हा कायदा *करण्यावर* बंधन घालतो, *न करण्यावर* जवळजवळ नाही. मालकाने पत्रा बदलला तर परवानगी, पत्रा गळू दिला तर लगेच काहीच नाही. स्थानिक परिषद तातडीच्या दुरुस्तीची किंवा दुरुस्तीची नोटीस काढू शकते, शेवटी सक्तीने संपादनही करू शकते. पण तो खर्च आधी परिषदेच्या खिशातून जातो, त्यामुळे हत्यार भिंतीवर टांगलेलंच राहतं. इथे तर जमीन ब्रॉम्ली बरोची, म्हणजे त्याच स्थानिक परिषदेची, आणि केंद्र ग्रेटर लंडन ऑथॉरिटी या महानगर प्रशासनाकडे. नोटीस कोण कोणाला देणार?

भाकरतुकडा

सगळं मान्य, पण साठ वर्षांचं गळकं काँक्रीट. पाडून नवीन बांधलं तर स्वस्त नाही का पडणार? २०१२ ला ऑलिंपिकचा नवा तलाव पूर्व लंडनमध्ये झालाच की.

कलमदान

@भाकरतुकडा, स्वस्त पडेल की नाही हा प्रश्न तिथे दुसरा येतो. नियोजन धोरणात ग्रेड २* वास्तूची मोठी हानी ‘सर्वस्वी अपवादात्मक’ परिस्थितीतच मान्य आहे. नुसता हिशेब दाखवून पाडता येत नाही. शिवाय मालकाने मुद्दाम हेळसांड केली असेल तर त्यातून आलेली दुरवस्था निर्णयात धरू नये, असंही धोरणात स्पष्ट लिहिलं आहे.

ऑलिंपिकचा मुद्दा मात्र बरोबर पकडलात. मोठी अॅथलेटिक्स स्पर्धा २०१२ पर्यंत क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर व्हायची, नंतर ती ऑलिंपिक स्टेडियमला गेली. पैसा आणि कॅमेरे दोन्ही तिकडे गेले.

आणखी एक: दुरुस्तीवर तिथे २० टक्के व्हॅट आहे. २०१२ च्या ऑक्टोबरपर्यंत यादीतल्या काही प्रकारच्या इमारतींत परवानगीने केलेल्या *बदलांना* शून्य दर होता आणि दुरुस्तीला पूर्ण. म्हणजे जपणाऱ्याला कर आणि बदलणाऱ्याला सूट. ती सूट काढली, पण दुरुस्तीचा कर कमी केला नाही.

थापी

काँक्रीटकडे येऊ. ‘साठ वर्षांचं गळकं’ हे निदान नव्हे. गंज दोन वाटांनी येतो आणि दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून आधी वाट ओळखा.

पहिली वाट कार्बोनेशन. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावतो, पीएच १२.५-१३ वरून ९ च्या खाली येतो आणि सळईवरचं संरक्षक पापुद्रं जातं. हे वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत सरकतं. ६० वर्षांत २४ मि.मी. आत गेलं असेल तर पुढच्या २० वर्षांत आणखी चारएक मि.मी. जाईल. तेवढ्याने घाबरायचं कारण नसतं, पण साठच्या दशकात सळईवरचं कव्हर (सळई झाकणाऱ्या काँक्रीटची जाडी) कागदावर २५ मि.मी. आणि प्रत्यक्षात कडेला १२ असं सर्रास आढळतं. म्हणून सरासरी सांगू नका, *सगळ्यात कमी* कव्हर कुठे आहे ते सांगा. ही जाडी न फोडता मोजणारा कव्हरमीटर फिरवा, जिथे कमी दिसेल तिथे ताजा तुकडा काढून फिनॉल्फ्थॅलिन हे रंगसूचक फवारा. गुलाबी झालं तर शाबूत, रंगहीन राहिलं तर कार्बोनेट झालेलं. तुकडा ताजाच हवा. आदल्या दिवशी फोडलेल्या भागावर फवारून ‘सगळं गेलं’ म्हणणारे अहवाल रद्दीत घालावेत.

दुसरी वाट क्लोराइड. ती तलावाच्या इमारतीत दोन दिशांनी येते. एक तर पाण्यातला क्लोरीन आणि त्याचे शिंतोडे. दुसरी छुपी: तेव्हा थंडीत काँक्रीट लवकर घट्ट व्हावं म्हणून मिश्रणातच कॅल्शियम क्लोराइड घालायचे. ब्रिटनमध्ये सळईच्या काँक्रीटमध्ये ते १९७७ ला बंद झालं, ही इमारत त्याआधीची. म्हणून ड्रिलची भुकटी थराथराने घ्यायची: ५-२५, २५-५०, ५०-७५ मि.मी. वरच्या थरात जास्त आणि आत कमी असेल तर बाहेरून आलंय. सगळीकडे सारखं असेल तर जन्मापासून आहे. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांच्या वर गेलं की चिंता.

हातोडीने ठोकून बघणं अजून कोणत्याही यंत्राला हरलेलं नाही. शाबूत ठिकाणी खणखणीत, सुटलेल्या ठिकाणी बद्द. खडूने हद्द आखा आणि मग मोजमाप लिहा.

बेलदार

थापीताईंच्या प्रतिसादाला जोड: पॅच मारताना काय चुकतं.

एक, कड पातळ सोडतात. पॅचची कड शून्यावर आणली की ती दोन हिवाळ्यांत उचकटते. कमीत कमी १० मि.मी. खोल सरळ काप घ्या. पण तो काप सळईला लागू देऊ नका, म्हणजे परत कव्हरमीटर.

दोन, सळईच्या पुढचंच फोडतात. सळईमागे बोट जाईल इतकं, २०-२५ मि.मी., मोकळं करा. नाहीतर मागचा गंज तसाच आणि तो दुरुस्तीला ढकलून काढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो.

तीन, सगळ्यात महाग चूक. क्लोराइडच्या काँक्रीटमध्ये एकच जागा फोडून छान भरली की ती जागा सुरक्षित होते आणि तिच्या *भोवतीचं* जुनं काँक्रीट गंजायला लागतं. कारण आधी त्या गंजणाऱ्या तुकड्यानेच शेजारच्या सळईला वाचवलेलं असतं. दोन-तीन वर्षांत पॅचच्या कडेने चौकट उमटते आणि लोक गवंड्याला शिव्या देतात. उपाय: पॅचच्या कडेला सळईला जस्ताचे बळी अॅनोड बांधा, ते आधी झिजतात. अर्थात जन्मजात क्लोराइड असेल तर अॅनोड किती बांधणार? तिथे विजेचा प्रवाह देणारी कॅथोडिक पद्धत विचारात घ्यावी लागते आणि तिच्या तारा उघड्या काँक्रीटवर कुठून न्यायच्या हा पुन्हा वारशाचाच प्रश्न होतो.

रंधा

उघड्या काँक्रीटवर एक गोष्ट कुणी लिहिली नाही: रंग जुळवणं. साध्या इमारतीत पॅच करून वर राखाडी रंगाचा हात मारला की काम झालं. इथे रंग मारणं म्हणजे इमारत बदलणं.

पिशवीतला तयार दुरुस्ती-मॉर्टर बहुधा निळसर आणि फार गुळगुळीत दिसतो. आधी मूळ काँक्रीटची पेट्रोग्राफी (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) करून खडी कोणती, वाळू कोणती, हे काढावं लागतं. मग नमुने: निदान सहा-आठ मिश्रणं, प्रत्येकी हातभर चौकोन, शक्य तर उभ्या पृष्ठावरच, कारण आडवा नमुना उभ्यासारखा दिसत नाही. ते किमान २८ दिवस, खरं तर तीन महिने वाळू द्या. ओला नमुना बघून सही करणारा माणूस नंतर तोंड लपवतो. फळ्यांच्या खुणा असतील तर त्या जुन्या पृष्ठावरून रबरी साचा घेऊन उठवायच्या. पॅचचा आकारही मूळ फळीच्या किंवा सांध्याच्या रेषेवर थांबवा, मधेच चौकोनी ठिगळ नको. परवानगीच्या अटींत हे नमुने मंजूर करून घेण्याची अट बहुतेक वेळा असतेच. कंत्राटात त्यासाठी तीन महिने धरले नाहीत तर काम सुरू होण्याआधीच उशिरा चालू आहे असं समजा.

मूळ नकाशांसाठी लंडन काउंटी कौन्सिलच्या वास्तुविभागाचे कागद शहराच्या अभिलेखागारात शोधायचे. सळईचे तक्ते सापडले तर निम्मी फोडाफोड वाचते.

पाणकावळा

आता मूळ दुखणं. सगळे काँक्रीटबद्दल बोलताय, पण डायव्हिंगचा तलाव *रिकामा* ठेवणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

तलाव भरलेला असेल असं धरूनच बांधलेला असतो. पाणी काढलं की पहिला प्रश्न खालून. जमिनीतलं पाणी तळाच्या वर १ मीटर असेल तर ते दर चौरस मीटरला १ टन वर ढकलतं. ३०० मि.मी. जाडीच्या स्लॅबचं वजन तेवढ्या जागेत ०.७२ टन. आकडेमोड तुम्हीच करा: इतर पकड नसेल तर रिकामा तलाव होडीसारखा उचलला जातो, नाहीतर तळ मधोमध तडकतो. डायव्हिंगचा तलाव खोल म्हणून तिथे धोका जास्त. सिडनहॅमचा उतार चिकणमातीचा, त्यात पाणी अडून बसतं, आणि शेजारी बुजवलेली कुंडं. रिकामा करण्याआधी शेजारी बोअर घेऊन पातळी बघायची, तळाखाली निचऱ्याची विहीर असेल तर तिचा पंप चालतोय ना हे बघायचं, आणि पाणी दिवसाला थोडं थोडं उतरवायचं. एका रात्रीत उपसणं हा गुन्हा समजावा.

दुसरा प्रश्न टाइलचा. साठ वर्षं ओल्या राहिलेल्या टाइल आणि त्यामागचा गिलावा वाळून आकसतात, सांधे उघडतात. तलाव परत भरला की पाणी टाइलमागे शिरतं. ‘आधी थोडाच गळत होता, रिकामा करून भरल्यावर जास्त गळतोय’ हे त्यामुळेच.

रिकामा करायच्या आधी गळती मोजा, बघून अंदाज नको. बादलीत तलावाचंच पाणी भरून पायरीवर ठेवा, पातळीच्या खुणा करा, पंप बंद, २४ तास. बादलीत घटलं ते बाष्पीभवन. तलावात त्यापेक्षा जास्त घटलं ती गळती. ५० × २० मीटरच्या तलावात १ मि.मी. म्हणजे १,००० लिटर. मग हेच पंप चालू ठेवून करा. पंप चालू असतानाच घट वाढली तर दोष पाइपांत आहे, तलावात नाही. पाइप बदलणं तलाव बदलण्यापेक्षा किती स्वस्त हे सांगायला नको.

थापी

पाणकावळ्याच्या ‘रिकामा ठेवू नका’ला काँक्रीटच्या बाजूने दुजोरा. कार्बोनेशन सगळ्यात भराभर होतं ते ५० ते ७० टक्के आर्द्रतेत. चालू तलावाच्या हॉलमध्ये नेमकी तीच आर्द्रता ठेवतात. म्हणजे साठ वर्षं चुना शांतपणे संपत होता, पण सळई गंजायला त्याहून जास्त ओल लागते, म्हणून बाहेर काही दिसत नव्हतं. आता हीटिंग बंद करा, पंखे बंद करा, काँक्रीट थंड होऊ द्या, वरून छत गळू द्या. ओल वाढली की साठ वर्षांचं थकलेलं देणं दोन-तीन हिवाळ्यांत वसूल होतं. लोकांना वाटतं बंद ठेवली म्हणून जपली गेली.

भाकरतुकडा

हे माझ्या डोक्यात उलटंच होतं. पण मग चालू ठेवायची तर हीटिंगचं बिल? त्या काचेच्या भिंतींतून सगळी ऊब जात असणार. दुहेरी काच बसवू देत नाहीत का?

गुण्या

देतात, पण काच कुठली ते बघून. हिशेब असा: तलावाचं पाणी २८ अंश, हवा त्याहून १ अंश जास्त, आर्द्रता ६० टक्के. याचा दवबिंदू साधारण २०.५ अंश, त्याहून थंड पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. बाहेर ५ अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग ११ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे काच दिवसभर ठिबकणार, ते पाणी चौकटीच्या तळाशी साचणार, खालची चौकट आणि काँक्रीटची कड आधी जाणार. चांगली दुहेरी काच तोच पृष्ठभाग २५ वर नेते. ठिबकणं थांबतं.

अडचण जाडीची. नेहमीची दुहेरी काच २४-२८ मि.मी. जाड, जुनी चौकट ६ मि.मी. काचेसाठी. जाड काच म्हणजे जाड चौकट, आणि सडपातळ रेषा गेली की वारसा अधिकारी नाही म्हणणार, बरोबरच आहे. निर्वात काच (दोन काचांमधली हवा काढून टाकलेली) ७-८ मि.मी. मध्ये तेवढंच काम करते. महाग आहे, पण मूळ रेषा वाचते. वजन मात्र आधी तपासा, दोन काचा म्हणजे चौकटीवरचा भार वाढतो.

हवेचा दाब हाही मुद्दा. तलावाचा हॉल बाकी इमारतीपेक्षा किंचित *कमी* दाबावर ठेवायचा. उलटं झालं तर दमट हवा छताच्या घड्यांत, लाकडी अस्तरामागे शिरते आणि तिथे थंड होऊन पाणी होते. अस्तर वरून सुंदर, मागून काळं.

बेलदार

अस्तर, दिवे, हवेचे पाइप टांगायला कुणी ‘स्टेनलेस आहे, काळजी नको’ म्हणून नेहमीच्या ३०४ किंवा ३१६ या जातींच्या सळ्या वापरत असेल तर थांबवा. तलावाच्या गरम, क्लोरामाइनच्या (पाण्यातल्या क्लोरीनपासून होणाऱ्या वायूच्या) हवेत ताणाखालचं हे स्टील बाहेरून चकचकीत दिसत आतून तडकतं. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावात १९८५ च्या मे महिन्यात तलावाचं काँक्रीटचं छत असंच कोसळलं, १२ माणसं गेली. जी सळी धुतली जात नाही आणि भार पेलते तिथे १.४५२९, १.४५४७ किंवा १.४५६५ या वर्गाचंच स्टील घ्यायचं. दुरुस्तीच्या यादीत ‘टांगणीच्या सळ्या: जात तपासणे’ ही ओळ पहिल्या पानावर हवी.

सज्जा

थोडं अवांतर, पण घरचं. दिल्लीत प्रगती मैदानावर राज रेवल आणि अभियंता महेंद्र राज यांचं १९७२ चं हॉल ऑफ नेशन्स होतं. एप्रिल २०१७ मध्ये पाडलं. वारसा समितीने धरलेला निकष ६० वर्षांचा होता, इमारत ४५ ची. वरच्या ३० वर्षांच्या रीतीशी ताडून बघा. अहमदाबादचं सरदार पटेल स्टेडियम, चार्ल्स कोरिया आणि पुन्हा महेंद्र राज, घड्यांचं काँक्रीटचं छत. भारतातला पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना १९८१ ला तिथेच झाला. त्याच्या संवर्धन आराखड्याला २०२० मध्ये गेटी फाउंडेशनचं अनुदान मिळालं. आपल्याकडे मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, ग्रेड १, २अ, २ब, ३ असे. तिची नजर मुख्यतः दगडी, ब्रिटिशकालीन इमारतींवर. साठ-सत्तरच्या दशकातली आपली काँक्रीटची क्रीडासंकुलं कुणाच्याच खिजगणतीत नाहीत.

कलमदान

@सज्जा, अवांतर नाही, एकाच धाग्याचं दुसरं टोक आहे. एक बारकावा: इंग्लंडमध्ये यादीतल्या इमारतीच्या आवारातली बांधकामं आपोआप संरक्षित होतात ती १ जुलै १९४८ च्या आधीची असतील तरच. त्यामुळे १९६४ च्या या इमारतीशेजारच्या मैदानाचे स्टँड, स्टेशनकडून येणारा उंच काँक्रीट पूल हे केवळ ‘शेजारी आहेत’ म्हणून वाचत नाहीत. पार्क स्वतः ग्रेड २* च्या उद्यान-यादीत आहे आणि पॅक्स्टनचा मधला अक्ष, म्हणजे उद्यानाची मधली सरळ रेषा, मोकळा करावा असं म्हणणारे लोक या केंद्रालाच अडथळा मानतात. दोन वारसे एकमेकांसमोर उभे. माझं मत केंद्राच्या बाजूने आहे. अक्ष कागदावर परत आखता येतो, मनोरा पुन्हा ओतता येत नाही.

ओळंबा

सगळ्यांचे आभार. सगळं जोडून कामाचा क्रम असा दिसतोय: आधी छताची गळती आणि हवेची यंत्रणा, सोबत टांगणीच्या सळ्या. मग पाइप आणि गळतीचं मोजमाप. मग काँक्रीटच्या चाचण्या, नमुने, दुरुस्ती. काच त्यानंतर. टाइल शेवटी. बरोबर?

पाणकावळा

क्रम बरोबर, एक भर. टाइलच्या आधी ५० मीटर तलावाची लांबी मोजा. प्रत्येक लेनमध्ये, पाण्याच्या पातळीच्या ३० सें.मी. वरपासून ८० सें.मी. खालपर्यंत. स्पर्धेच्या तलावात थोडी वाढ चालते, कमी अजिबात चालत नाही. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवायचा मोह प्रत्येक कंत्राटदाराला होतो. दोन्ही टोकांना गोंदासकट १५-१५ मि.मी. म्हणजे तलाव ४९.९७ मीटरचा. त्यात वेळ मोजायच्या पॅडचे १०-१० मि.मी. वेगळे. टोकाच्या भिंतींची जुनी टाइल काढावीच लागेल, आणि ती मूळ १९६४ ची निघाली तर तिच्यासाठी कलमदान यांचा अर्ज आधी.